छोट्या मिलिंग मशीनला डिजिटल रीडआउट : थोड्या खर्चात, आपल्याच हाताने



‘मिल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते ते आम्हांस ठाऊक आहे. गव्हाणीतून वर चढणारा ऊस, एकापुढे एक लागलेले रोलर आणि शेवटी बाहेर पडणारा बगॅस. प्रस्तुत लेखातील मिल ती नव्हे. वर्कशॉपात लेथच्या शेजारी बाकावर बसवलेले एक लहानसे यंत्र असते, ते हे मिलिंग मशीन. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार जागेवर असते. मिलिंगवर उलटे. हत्यार फिरते आणि जॉब टेबलाला घट्ट आवळून ते टेबल हँडलने सरकवायचे. पंपाच्या शाफ्टला चावी बसण्याची खाच पाडणे, कपलिंगला बरोब्बर जागी भोके पाडणे, बेअरिंग हाउसिंगचा तळ सपाट करणे, अशी कामे या यंत्रावर होतात.

आता कोणी म्हणेल, ऊस आम्ही पिकवतो, यंत्राच्या पट्टीशी आमचा काय संबंध? संबंध दोन ठिकाणी येतो. रसाच्या पंपाचे कपलिंग घ्या. त्याची सहा भोके एका वर्तुळावर सारख्या अंतरावर नसतील, तर सगळा जोर एकदोन पिनांवर येतो. रबरी बुश भरडले जातात, शाफ्ट थरथरू लागतो, बेअरिंग तापते. ऐन हंगामात पंप बसला की मागची मिल थांबते, आणि यार्डात उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या नि बैलगाड्या तशाच राहतात. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उताराही घटतो. हे नुकसान कोणाच्या पदरात पडते ते सांगण्याची गरज नाही.

दुसरा संबंध घरातला. आय.टी.आय. करून आलेली किती तरी मुले आज सभासदांच्या घरांत आहेत. कोणी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकतो, जुना लेथ, एक वेल्डिंग सेट आणि बाकावरचे लहान मिलिंग मशीन घेऊन बसतो. बाहेरच्या कारखान्याकडून ओतीव काम मशीनिंगला येते. अशा जॉबमध्ये भोक दोन मि.मी. इकडचे तिकडे झाले, तर कास्टिंगची किंमत गेली, दिवसाची मजुरी गेली आणि पुढचे काम दुसऱ्याकडे गेले. अशा मुलांसाठी, आणि त्यांना भांडवल देणाऱ्या वडिलांसाठी, हा लेख मुख्यतः लिहिला आहे.

हँडलच्या चकतीचा भरवसा किती?

लहान मिलिंगच्या टेबलाखाली एक लांब स्क्रू असतो. हँडल फिरवले की स्क्रू फिरतो आणि त्यावरची नट टेबलाला ओढून नेते. समजा स्क्रूचा पिच २ मि.मी. आहे. म्हणजे एका फेऱ्यात टेबल २ मि.मी. सरकले. हँडलमागच्या चकतीवर १०० खुणा कोरलेल्या असतात, तेव्हा एक खूण म्हणजे ०.०२ मि.मी. वहीचा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो, त्याचा हा पाचवा हिस्सा. इतके बारीक माप हँडलवरच मिळत असताना आणखी काय पाहिजे?

इथेच मेख आहे. चकती मोजते ते स्क्रूचे फिरणे. टेबल खरोखर किती सरकले ते ती पाहत नाही.

ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या आपण रोज पाहतो. ड्रायव्हरने गिअर टाकला की आधी ट्रॅक्टर थोडा पुढे जातो, हुकातली ढील संपते, खाडकन आवाज होतो आणि मग पहिली ट्रॉली हलते, त्यानंतर दुसरी. ट्रॅक्टरचे चाक किती फिरले यावरून शेवटची ट्रॉली कुठे उभी आहे हे सांगू गेलो, तर हुकातल्या ढिलीइतकी चूक होणारच. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये अशीच ढील असते. वर्कशॉपात तिला बॅकलॅश म्हणतात, कोणी नुसते ‘प्ले’ म्हणतात. उलट दिशेने हँडल फिरवले की आधी ही ढील संपते, तोवर चकतीवरच्या खुणा सरकत राहतात आणि टेबल मात्र जागचे हलत नाही. जुन्या यंत्रात ही ढील पाव मि.मी. आणि त्याहूनही जास्त भरते.

कसलेल्या हातांना हे सगळे ठाऊक असते. ते नेहमी एकाच बाजूने मापावर येतात. पुढे गेले तर थोडे जास्तच मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने येतात. या पद्धतीत काही खोट नाही, आणि आजवरची उत्तम कामे अशीच झाली आहेत. परंतु दोन अडचणी राहतात. एक म्हणजे फेरे मोजणे. ५१ फेरे आणि वर ९६ खुणा, असे माप असेल आणि मध्येच कोणी हाक मारली, फोन वाजला किंवा चहा आला, की ते पन्नासावे होते की एक्कावन्नावे? एक फेरा चुकला म्हणजे सरळ २ मि.मी. गेले. दुसरी अडचण अशी की स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. जास्त काम टेबलाच्या मधल्या भागात होते, म्हणून मधला भाग जास्त झिजतो. मध्यावर मोजलेली ढील टोकाला लागू पडत नाही.

यावर उपाय साधा आहे. ट्रॅक्टरचे चाक मोजू नका, रस्त्याकडेचा दगड पाहून ट्रॉली कुठे आहे ते पाहा. म्हणजे टेबलालाच एक मापाची पट्टी लावायची, आणि यंत्राच्या न हलणाऱ्या भागावर ती पट्टी वाचणारा डोळा बसवायचा. स्क्रू झिजलेला असो, ढील असो, फेरे कितीही झालेले असोत, टेबल जिथे आहे तोच आकडा समोर दिसतो. याला डिजिटल रीडआउट म्हणतात. वर्कशॉपातली मुले डी.आर.ओ. म्हणतात.

डोळा वाचतो कसा

पट्ट्या तीन जातींच्या मिळतात, आणि विकत घेण्यापूर्वी त्यांतला भेद समजून घेणे फायद्याचे.

सर्वांत स्वस्त जात म्हणजे डिजिटल कॅलिपरची पट्टी. खिशात मावणारा बॅटरीवरचा कॅलिपर आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो. त्याच्या पोलादी पट्टीवरच्या स्टिकरखाली तांब्याच्या बारीक चकत्यांची एक ओळ छापलेली असते. सरकणाऱ्या भागात तशाच चकत्या असतात. समोरासमोरच्या चकत्या एकमेकींना किती झाकतात त्याप्रमाणे त्यांच्यामधील विद्युतभार बदलतो, आणि आतली चिप त्यावरून जागा काढते. आकडा ०.०१ मि.मी.पर्यंत दिसतो. हीच पट्टी जबड्यांशिवाय, लांब आकारात, यंत्राला लावण्यासाठी म्हणून वेगळीही विकतात. कोणी साधा कॅलिपर घेऊन त्याचे जबडे ग्राइंडरवर कापूनही काम भागवतो. पोलाद कडक असते, तेव्हा हळूहळू कापावे, तापू देऊ नये, आणि कापताना पट्टी चिकटपट्टीने पूर्ण झाकून घ्यावी. या जातीचा मोठा शत्रू पाणी. कूलंटचा पातळ थर पट्टीवर पसरला की विद्युतभाराचा हिशेब बिघडतो आणि आकडे वेडेवाकडे पळू लागतात. कोरडे काम करणाऱ्याने ही जात खुशाल घ्यावी.

येथे वायरिंगची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती दुकानदार सांगत नाही. या स्वस्त कॅलिपरांत बॅटरीचे धन टोक पट्टीच्या धातूला जोडलेले असते. आपल्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला असते, त्याच्या हे उलट. दीड व्होल्टच्या बटण-सेलऐवजी अडॅप्टर लावायचा झाल्यास हे ध्यानात ठेवावे, नाही तर पट्टी यंत्राला टेकताच शॉर्ट होते. मोटरच्या वीजकंपनाने आकडे उड्या मारीत असतील, तर यंत्राचे अर्थिंग आधी तपासावे. बहुधा दुखणे तिथेच सापडते.

दुसरी जात काचेची. अॅल्युमिनियमच्या खोक्यात काचेची पट्टी असते आणि तिच्यावर बारीक उभ्या रेषा असतात. नेहमीच्या पट्टीत दर २० मायक्रॉनला एक काळी-पांढरी जोडी येते. (एक मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग.) डोळ्यात तशाच रेषांचा छोटा तुकडा, एका बाजूस दिवा आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारे भाग असतात. दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून एक थोडी सरकवली, तर मोठाले पट्टे झरझर धावताना दिसतात, ते आपण पाहिले असेल. जाळी केसभर सरकते आणि पट्टे मात्र वीतभर पळतात. या गुणाचा रेषांच्या जाळ्या तपासण्यास उपयोग होईल हे इंग्लंडच्या लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १८७४ साली दाखवले होते. पुढे १९५० च्या दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे फेरांटी कंपनीच्या लोकांनी तोच गुण यंत्राचे टेबल मोजण्यास लावला. त्या वेळी हे मोठ्या कारखान्यांनाच परवडणारे होते. चिपा स्वस्त झाल्या, म्हणून ते आज आपल्या पत्र्याच्या शेडपर्यंत आले.

डोळ्याला टेबल पुढे चालले की मागे हे कसे कळते, असे एका सभासदांनी आम्हांस विचारले. प्रश्न चांगला आहे. बैलगाडीच्या चाकाला एक फडके बांधले आणि ते वर किती वेळा आले ते मोजले, तर फेरे कळतात, गाडी पुढे गेली की मागे ते कळत नाही. पण दोन माणसे बसवली, एक फडके वर आल्यावर हात उचलणारा आणि दुसरा ते पाव फेरा पुढे गेल्यावर हात उचलणारा, तर कोणाचा हात आधी उठला त्यावरून दिशा सांगता येते. डोळ्यात असे दोन टिपणारे भाग पाव रेषेच्या अंतराने बसवलेले असतात. शिवाय एका रेषा-जोडीत दोघांचे मिळून चार बदल होतात, म्हणून २० मायक्रॉनच्या पट्टीवरून ५ मायक्रॉनचे माप निघते. म्हणजे ०.००५ मि.मी.

तिसरी जात चुंबकीय. लोखंडी पट्टीवर चिकटवलेली चुंबकी फीत आणि वरून चालणारा डोळा. पाणी-तेलाची तिला फिकीर नसते, जाडी अगदी कमी, आणि हवी तेवढी कापून लावता येते. मात्र लोखंडाचा बारीक चुरा तिला चिकटतो, तो पुसत राहावे लागते. लहान यंत्रात जागेची फार अडचण असेल तर हिचाच विचार करावा.

किमती सारख्या खाली-वर होतात, म्हणून आकडे छापत नाही. कॅलिपर जात सर्वांत स्वस्त आणि बाकी दोन तिच्या कितीतरी पट, एवढे ध्यानात ठेवून तीन ठिकाणची कोटेशने घ्यावीत. काचेच्या किंवा चुंबकीय पट्ट्यांबरोबर दोन-तीन अक्षांचा वेगळा पडदा येतो. ज्यांच्या घरात इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला मुलगा असेल, त्यांना आर्डुइनोसारख्या लहान बोर्डावरून पट्टीचे आकडे अँड्रॉइड टॅब्लेटवर आणता येतात. जुना टॅब्लेट पडदा म्हणून उत्तम चालतो.

बसवताना

निम्मी लढाई जागा शोधण्यातच असते. टेबलाच्या डावी-उजवीकडच्या चालीला एक्स, पुढे-मागे चालीला वाय आणि खाली-वर चालीला झेड म्हणतात. एक्सची पट्टी टेबलाच्या मागच्या कडेला लावावी अशी सर्वांची रीत, कारण पुढे टेबल आवळण्याचे खटके असतात. पण लहान यंत्रात मागे खांब जवळ असतो. काचेच्या पट्टीचे खोके आणि त्याचे आवरण मिळून जेवढे जाड, तेवढी आपली वायची चाल कमी होते. तेव्हा पट्टी मागवण्याआधी टेबल पूर्ण मागे नेऊन खांब आणि टेबल यांमध्ये किती जागा उरते ती मोजावी. १४५ मि.मी. चालीतले २५-३० मि.मी. असे फुकट घालवणे आम्हांस पटत नाही. अशा यंत्रास पुढच्या बाजूने, खटक्यांना लांब दांड्या लावून, किंवा चुंबकीय पट्टी लावून मार्ग काढावा.

मापाची लांबी आणि खोक्याची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४५० मि.मी. मोजणारी काचपट्टी घेतली, तर तिचे खोके त्याहून शंभर-सव्वाशे मि.मी. किंवा थोडे जास्तच लांब भरते. नमुन्यागणिक फरक असतो. दुकानदाराकडून मापाचे चित्र मागून घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत. टेबलाची खरी चाल ४०० असेल तर पट्टी ४५० ची असावी, दोन्ही टोकांना थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे. टेबल टोकाला गेले आणि डोळा खोक्याच्या टोकावर आदळला, तर काच फुटते. फुटलेली काच दुरुस्त होत नाही.

पट्टी टेबलाच्या चालीला समांतर पाहिजे. डायल गेज चुंबकी बुडख्याने खांबाला लावावे, त्याची टोकदार नळी पट्टीच्या खोक्याला टेकवावी आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावे. काटा ०.१ मि.मी.च्या आत राहिला की पुरे. एकदा वरच्या बाजूने आणि एकदा समोरून, असे दोनदा पाहावे.

पट्टी तिरपी बसली तर माप चुकते म्हणून ही दक्षता, असा पुष्कळांचा समज आहे. हिशेब करून पाहा. ४०० मि.मी. लांबीत पट्टी १ मि.मी. तिरपी असेल, तर मापातली चूक सव्वा मायक्रॉन भरते. म्हणजे काहीच नाही. ४ मि.मी. तिरपी असली, तेव्हा कोठे ०.०२ मि.मी.ची चूक होते. खरे कारण वेगळे. तिरप्या पट्टीत डोळा एका टोकाला सैल चालतो आणि दुसऱ्या टोकाला घासतो. काही महिन्यांत पट्टी खराब होते आणि मग दोष मालाला दिला जातो.

ओतीव लोखंडात भोक पाडण्यापूर्वी पलीकडे काय आहे ते पाहावे. तेलाची वाट किंवा स्क्रू मागे असू शकतो. सरकत्या घासणीच्या पृष्ठभागाला ड्रिल लागू देऊ नये. बिडाला ड्रिल कोरडेच चालते. चार किंवा पाच मि.मी.चे आटे पुरतात. डोळ्याचा ब्रॅकेट मात्र चांगला जाड घ्यावा. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट लवतो, आणि जेवढा ब्रॅकेट लवला तेवढे माप खोटे. पट्टीसोबत आलेले वाहतुकीचे लाल किंवा पिवळे प्लॅस्टिकचे अडकवणे सगळे बोल्ट आवळून झाल्यावरच काढावे, कारण डोळा आणि खोके यांमधील अंतर तेच धरून ठेवते. काचपट्टीच्या रबरी ओठांची फट खाली किंवा चिप्स उडतात त्याच्या उलट बाजूला असावी, वरून अॅल्युमिनियमचा कोन झाकण म्हणून लावावा. वायरला टेबलाच्या पूर्ण चालीइतकी ढील ठेवावी. ही साधी गोष्ट, पण वायर तुटलेली यंत्रे पाहिली म्हणजे सांगावीशी वाटते.

एक कपलिंग आणि एक शाफ्ट

आता प्रत्यक्ष काम पाहू. १२० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर सहा भोके पाडावयाची आहेत. वर्तुळाचा मध्य शून्यावर घेतला तर पहिले भोक एक्स ६०, वाय ० येथे येते. दुसरे एक्स ३०, वाय ५१.९६. तिसरे एक्स उणे ३०, वाय ५१.९६. चौथे एक्स उणे ६०, वाय ०. पाचवे व सहावे खालच्या बाजूला, वाय उणे ५१.९६ वर, एक्स अनुक्रमे उणे ३० आणि ३०.

हँडलवर हेच करू गेल्यास वरच्या ओळीवरून खालच्या ओळीत येण्यासाठी १०३.९२ मि.मी. चालावे लागते. वर जे ५१ फेरे आणि ९६ खुणांचे माप दिले ते हेच. आणि दिशा उलटल्यामुळे ढील वजा करणे आलेच. रीडआउटवर आकडा उणे ५१.९६ होईपर्यंत हँडल फिरवायचे, टेबल आवळायचे आणि ड्रिल टाकायचे. मध्ये चहा झाला तरी आकडा जागेवर असतो. काही पडद्यांत ‘वर्तुळावरची भोके’ अशी सोयच असते. व्यास आणि भोकांची संख्या दिली की यंत्र स्वतःच गणित करते. नसली तरी अडत नाही, कागदावर एकदा आकडे मांडून घ्यावेत. सहा भोकांच्या वर्तुळात शेजारच्या दोन भोकांमधले अंतर त्रिज्येइतकेच येते, म्हणजे येथे ६०. डिव्हायडरने ते ताडून पाहावे.

शाफ्टच्या खाचेचे काम आणखी सोपे. ४० मि.मी.च्या शाफ्टला १२ मि.मी. रुंदीची चावी लागते, आणि खाच बरोबर मध्यावर हवी. दहा मि.मी.चा एज फाइंडर शाफ्टच्या एका बाजूला टेकवावा आणि पडद्यावर शून्य करावे. मग वर उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टेकवावा. आकडा ५० येईल, शाफ्टचे ४० आणि फाइंडरचे १०. त्याचे निम्मे म्हणजे २५ वर टेबल आणले की कटर बरोबर मध्यावर. ‘हाफ’ असे बटण असेल तर तेही गणित करावे लागत नाही. याची खुबी अशी की शाफ्ट झिजून ३९.८० झालेला असला तरी मध्य अचूकच सापडतो. माप माहीत असण्याची गरजच पडत नाही. दुरुस्तीच्या कामात, जिथे कोणताही शाफ्ट मूळ मापावर राहिलेला नसतो, तिथे आम्हांस ही सोय इतर सर्वांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

आकडा दिसतो म्हणून खरा नव्हे

आपल्या वजनकाट्याचीच गोष्ट घ्या. पडद्यावर किलोचे आकडे ठळक दिसतात म्हणून काटा खरा ठरत नाही. प्रमाणित वजने ठेवून तपासला, तेव्हाच सभासदांचा विश्वास बसतो, आणि बसावा तो असाच. रीडआउटवर ०.००५ पर्यंत आकडा दिसतो, याचा अर्थ यंत्र तेवढे अचूक झाले असा नाही. पट्टी बसवल्यावर स्लिप गेज आणि डायल गेज घेऊन ताळा करावा. ५० चे, मग १०० चे माप घेऊन पाहावे. बहुतेक पडद्यांत ठरावीक प्रमाणात पडणारी चूक भरून काढण्याची सोय असते. स्वस्त कॅलिपर-पट्टीत ती सहसा नसते, तिथे दोन-तीन शतांश मि.मी.चा फरक धरूनच चालावे.

टेबलाच्या गिब पट्ट्या सैल असतील, तर रीडआउट काहीही करू शकत नाही. टेबल १०० मि.मी.त ०.०५ मि.मी. वळत असेल आणि पट्टी हत्यारापासून १०० मि.मी. दूर असेल, तर पट्टी जे सांगते त्यात आणि हत्यार जिथे कापते त्यात ०.०५ चा फरक पडतो. म्हणून आधी गिब आवळा, स्क्रूला तेल द्या आणि मग पट्टी लावा. बोथट कटर दाबाने एका बाजूला सरकतो, तेही पडद्याला दिसत नाही. गोल खांबाच्या यंत्रात डोके वर-खाली केले की ते थोडे फिरते आणि जागा हरवते. त्यावरही या पट्टीचा उपाय नाही. असे यंत्र असल्यास डोके एकाच उंचीवर ठेवून सगळी भोके आटोपावीत.

उन्हाळ्याचेही थोडे. मापाचे जगन्मान्य तापमान २० अंश आहे. पत्र्याखाली मे महिन्यात ४० अंश असते. ३०० मि.मी. लोखंड तेवढ्यात सुमारे ०.०७ मि.मी. वाढते. जॉबही लोखंडाचाच असल्याने तो यंत्राबरोबरच वाढतो, काच मात्र लोखंडापेक्षा कमी वाढते. या दोघांतला फरक ०.०२ च्या आसपास राहतो. कपलिंगच्या कामास त्याने काही बिघडत नाही. कटरखाली तापलेला जॉब लगेच मोजू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

लोडशेडिंगचा प्रश्न मात्र खरा आहे. वीज गेली की काचेच्या पट्टीचा पडदा मालवतो. टेबल त्या वेळी हलवले नाही, तर बहुतेक पडदे परत आल्यावर शेवटचा आकडा दाखवतात. हलवले असेल तर हिशेब तुटतो. त्यासाठी काचेवर ठरावीक अंतराने संदर्भाच्या खुणा असतात. काम सुरू करण्याआधी अशा एका खुणेवरून शून्य धरून ठेवले, तर वीज आल्यावर त्याच खुणेवर जाऊन हरवलेली जागा पुन्हा मिळते. दर कामाला एवढे कोण करतो, असे म्हणू नये. महागाच्या कास्टिंगला तरी करावे. कॅलिपर-पट्टी सेलवर चालत असल्याने तिला वीज गेल्याचे कळतही नाही. स्वस्त वस्तूने महाग वस्तूवर मात केली, ती ही एवढीच.

ज्येष्ठ टर्नर-फिटर मंडळींत एक कुजबुज असते, की आकडे वाचणारी पोरे हाताची कला विसरतील. आम्हांस तसे वाटत नाही. कटर कसा बोलतो, जॉब कुठे आवळावा, किती खोल घ्यावे, हे पडदा सांगत नाही. तो फेरे मोजण्याचे ओझे उतरवतो, आणि चाळिशीनंतर चकतीवरच्या बारीक खुणा वाचणे ज्यांना जड जाते, त्यांना त्याचा तरुणांपेक्षा जास्त उपयोग होतो.

पैसे एकाच पट्टीपुरते असतील तर आधी एक्सला लावावी असे बहुतेक सांगतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. कपलिंग आणि भोकांचे काम जास्त असेल तर एक्स आणि वाय या दोन्ही एकदम लावाव्यात, भले त्या कॅलिपर जातीच्या असोत. एका अक्षावर पडदा आणि दुसऱ्यावर फेऱ्यांची मोजणी, या मिश्रणात माणूस हमखास गोंधळतो. झेडला घाई नाही. तिथे छोटा कॅलिपर क्विलच्या शेजारी उभा लावला की खोलीचे काम भागते.

ज्या सभासदांना किंवा त्यांच्या मुलांना पट्टी बसवायची असेल, त्यांनी ऑफ-सीझनमध्ये कारखान्याच्या वर्कशॉपात अवश्य यावे. हंगाम चालू असताना आमचे हात मोकळे नसतात. येताना आपल्या यंत्राची चार मापे कागदावर लिहून आणावीत: टेबलाची लांबी, एक्स आणि वायची पूर्ण चाल, टेबल पूर्ण मागे असताना खांबापर्यंतचे अंतर, आणि टेबलाच्या पुढच्या कडेला असलेल्या खटक्यांची जागा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून आणले तर अधिक बरे.